नाव कोरलं, हकीकत राहिली

२१ ऑक्टोबरला सकाळी मुंबईत नायगावच्या पोलीस मैदानावर नावं वाचली जातात. वर्षभरात देशात कर्तव्य बजावताना जीव गेलेले अधिकारी आणि अंमलदार. हुद्दा, नाव, पुढचा हुद्दा, पुढचं नाव. वाचणारा आवाज एका पट्टीत ठेवतो, कारण यादी लांब असते आणि मध्येच गळा दाटून चालत नाही. मग शोक शस्त्र, बिगूल, हवेत फैरी. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुख्यालयांतही थोड्याफार फरकानं हेच होतं. मी पोलीस लाइनीत वाढलो. लहानपणी आम्ही पोरं त्या परेडला जाऊन कडेला बसायचो. आमचा डोळा फैरींच्या रिकाम्या पुंगळ्यांवर असायचा. त्या कधीच मिळायच्या नाहीत. मोजून परत जमा कराव्या लागतात, एक कमी पडली तरी चौकशी लागते, असं तिथले जमादार सांगायचे.

ही तारीख आली लडाखमधून. २१ ऑक्टोबर १९५९ ला हॉट स्प्रिंग्ज इथे गस्तीवरून न परतलेल्या साथीदारांना शोधायला निघालेल्या पोलिसांच्या तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. तेव्हा त्या सीमेवर पोलीस होते, हे आज पुष्कळांना ठाऊकही नसतं. २०१८ मध्ये याच तारखेला दिल्लीत चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारकाचं उद्घाटन झालं. तीस फुटी ग्रॅनाइटची शिळा, आणि शेजारच्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्यांची नावं. उद्घाटनाच्या वेळी ती ३४,८४४ होती. त्यानंतर भिंत वाढतेच आहे.

भिंतीबद्दल माझी तक्रार नाही. कोरायलाच हवीत नावं. पण नाव कोरलं की स्मरणाचं काम झालं असं आपण धरून चालतो, आणि माझा आक्षेप तिथे आहे. गेलेला माणूस कसा गेला, त्या रात्री त्याच्या हातात काय होतं, त्याला तिथे कोणी आणि काय सांगून पाठवलं, मदत कधी पोहोचली, ही त्याची हकीकत. ती लिहून, छापून, कोणालाही वाचता येईल अशी ठेवणं हा स्मरणाचा मुख्य भाग आहे. तो भाग आपण सोडून देतो आणि उरलेला मोठ्या थाटात करतो.

तुकाराम ओंबळे यांचं उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचा माणूस. आधी लष्करात, मग १९९१ पासून मुंबई पोलिसांत, शेवटी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर दोन दहशतवाद्यांची स्कोडा गाडी अडवली गेली. चालवणारा मारला गेला. शेजारी बसलेला कसाब बाहेर आला, तेव्हा ओंबळे पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या एके-४७ ची नळी धरली. गोळ्या पोटात गेल्या. पकड सुटली नाही, आणि तेवढ्या अवधीत बाकीच्यांनी काठ्यांनी कसाबला पाडला. तो जिवंत सापडला म्हणून पुढचा सगळा कट उघड झाला. प्रजासत्ताक दिनी ओंबळेंना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी एका नव्या उडी मारणाऱ्या कोळ्याला 'आयसियस तुकारामी' असं नाव दिलं, हे मला पुतळ्यापेक्षा जास्त आवडतं.

ओंबळे आठवतात ते पुतळ्यामुळे असं मला वाटत नाही. मुंबईत पुतळे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या खालचं नाव आपण वाचत नाही. ओंबळे आठवतात कारण त्यांच्या शेवटच्या मिनिटभराचा तपशील आपल्याकडे आहे. कसाबवर खटला चालला. नाक्यावरच्या पोलिसांच्या साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळं गेलं. कोण कुठे उभं होतं, गाडी कशी वळली, नळी कोणत्या क्षणी धरली, हे कागदावर आलं. त्यामुळे केडंब्याचा एक माणूस नावाच्या पलीकडे आपल्यापर्यंत पोहोचला. ही मेहेरबानी खटल्याची. पोलीस खात्यानं आपणहून ती हकीकत लिहून लोकांपुढे ठेवली असती का, याची मला शंका आहे, कारण त्याच रात्रीचा दुसरा भाग तसा ठेवला गेला नाही.

तो भाग कामा रुग्णालयाजवळच्या, रंगभवनच्या गल्लीतला. एकाच क्वालिसमध्ये हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर होते. तिघांची नावं शाळेतल्या मुलांनाही येतात. त्याच गाडीत जयवंत पाटील, योगेश पाटील आणि बाळासाहेब भोसले होते, तेही गेले. त्यांची नावं किती जण सांगू शकतील? अरुण जाधव जखमी होऊन मागे पडून राहिले, वर सहकाऱ्यांचे देह. दहशतवादी तीच गाडी घेऊन निघाले, टायर गेल्यावर ती सोडून त्यांनी स्कोडा बळकावली, आणि जाधवांनी त्या अवस्थेत वायरलेसवरून खबर दिली. चौपाटीच्या नाक्यावर पुढे जे घडलं त्याची एक कडी या मागच्या सीटवर आहे. हुद्द्यांच्या उतरंडीनं नावं वाचली की ही कडी दिसत नाही. हकीकत वाचली तरच दिसते.

करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवताना सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिले. पुढे ते जॅकेट सापडेना. त्यांच्या पत्नी कविता करकरे वर्षानुवर्षं विचारत राहिल्या की ते गेलं कुठे आणि त्याची प्रत काय होती. जॅकेट चांगलं असतं तर ते वाचले असते का, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर 'नाही' असंही असू शकतं. पण पुरावाच हरवला की उत्तर कोणतंही असू शकतं. विनीता कामटे यांना आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या तासाभरात काय घडलं हे समजून घ्यायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला. नियंत्रण कक्षाच्या वायरलेसच्या नोंदी त्यांनी तशा मिळवल्या. जखमींपर्यंत मदत पोहोचायला इतका वेळ का लागला, हा त्यांचा साधा प्रश्न होता. ज्या खात्यानं बंदुका उलट्या धरून मानवंदना दिली, त्याच खात्याच्या माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा अर्ज. या हल्ल्याच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या राम प्रधान समितीचा अहवालही २००९ मध्ये तयार होऊन लगेच लोकांपुढे आला नाही. आधी त्यावर काय कार्यवाही केली ते सांगणारा कागद विधिमंडळात आला, आणि मूळ अहवाल टेबलावर यायला डिसेंबर उजाडला.

हकीकत वेळेवर आणि उघडपणे मांडली नाही की ती जागा रिकामी राहत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत भोपाळच्या उमेदवार प्रज्ञा सिंह ठाकूर यांनी करकरे आपल्या शापानं मेले असं जाहीरपणे सांगितलं, आणि गदारोळ झाल्यावर विधान मागे घेतलं. दुसऱ्या टोकाला करकऱ्यांना लागलेली गोळी दहशतवाद्यांची नव्हतीच असं छातीठोकपणे सांगणारे आहेत. न्यायालयांनी पुरावा तपासून कसाबला त्या हत्यांसाठी दोषी धरलं, याचं त्यांना काही नाही. करकऱ्यांनी मालेगाव बॉम्बस्फोटाचा तपास केला होता आणि ठाकूर त्यात आरोपी होत्या. एका बाजूला त्या तपासाचा हिशेब चुकता करायचा असतो, दुसऱ्या बाजूला त्याच तपासाचा झेंडा करायचा असतो. एक माणूस रात्री जेवणाच्या ताटावरून उठून कामावर गेला होता, एवढी गोष्ट दोन्हीकडे पुरत नाही.

हे सगळं मुंबईचं झालं. कॅमेरे होते, परदेशी पाहुणे होते. गडचिरोलीत काय? २००९ या एकाच वर्षात तिथे १ फेब्रुवारीला मरकेगावला पंधरा पोलीस गेले, २१ मेला हत्तीगोट्याला सोळा, त्यात पाच महिला पोलीस, आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ सतरा. एका जिल्ह्यात, एका वर्षात, तीन चकमकींत अठ्ठेचाळीस. मी हे आकडे पुण्यात चांगल्या वाचणाऱ्या, अग्रलेखांवर वाद घालणाऱ्या मित्रांना विचारले. एकाला लाहेरी आठवलं. मरकेगाव कोणालाच नाही.

मग १ मे २०१९. महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री माओवाद्यांनी दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती. तिकडे निघालेलं शीघ्र कृती दलाचं पथक कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात सापडलं. पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक जागीच गेले. गाडी खासगी होती. भूसुरुंगांच्या मुलखात, आदल्या रात्री जाळपोळ करून कोणीतरी आमिष टाकलेलं असताना, पंधरा जण एका खासगी गाडीत का बसले? रस्ता आधी तपासला होता का? हे प्रश्न त्या आठवड्यात विचारले गेले. पुढच्या आठवड्यात निवडणुकीच्या बातम्या होत्या. सोळावा माणूस, तो चालक, पोलीस नव्हता. पोलिसांच्या भिंतीवर त्याला जागा कुठून असणार?

शब्दांचाही घोळ आहेच. वर्तमानपत्रात 'शहीद' छापून येतं, चौकातल्या फ्लेक्सवर 'वीरगती'. केंद्र सरकारनं मात्र २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलं की लष्कर असो की पोलीस दलं, अधिकृत व्यवहारात 'शहीद' असा शब्द वापरलाच जात नाही. आणि मराठीतला 'हुतात्मा' तर पोलिसांसाठी अडचणीचाच. आपल्या सगळ्यात मोठ्या हुतात्मा चौकातले हुतात्मे संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेले आहेत. मराठी माणसाच्या आठवणीत पोलीस बराच काळ बंदुकीच्या मागच्या बाजूला उभा होता. तो समोरच्या बाजूला पडलेला दिसला की आपल्याला नक्की कोणत्या स्वरात बोलावं ते कळत नाही, आणि मग आपण फ्लेक्सच्या स्वरात बोलतो.

तो स्वर खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यात एक सोय आहे. देशासाठी बलिदान म्हटलं की गाडी कोणती होती हे विचारणं अशुभ वाटू लागतं, आणि विचारणारा हुतात्म्याचा अपमान करणारा ठरतो. या सोयीचा फायदा गेलेल्याला काहीच नाही. तो होतो गाडी पाठवणाऱ्याला, जॅकेट खरेदी करणाऱ्याला आणि मंजूर पदं वर्षानुवर्षं न भरणाऱ्याला.

बलिदान या शब्दात न बसणारी मरणं तर आपण मोजतही नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन मुलाला दुचाकीसह अडवलं. मुलानं मोठ्या भावाला बोलावून घेतलं. त्यानं शिंद्यांच्या डोक्यात मारलं. काही दिवस रुग्णालयात झुंजून ते गेले. सीमा नाही, एके-४७ नाही, समोर शत्रू नाही, आपल्याच शेजारपाजारची पोरं. आपण ज्या वाहतूक पोलिसाला पाहून यू-टर्न मारतो, 'काही करता येईल का साहेब' म्हणतो, तो याच कामात मरतो. करोनाच्या काळात रस्त्यावर उभे राहून राज्यातले शेकडो पोलीस गेले. तेव्हा आपण खिडकीतून थाळ्या वाजवल्या होत्या. त्यांतलं एक नाव आज आठवतंय? मलाही प्रयत्न करावा लागतो.

इथे हमखास ऐकू येणारा एक आक्षेप आहे, आणि तो मला परका नाही. पोलीस म्हणजे काय धुतल्या तांदळाचे? कोठडीतले मृत्यू आहेत, हप्ते आहेत, तक्रार नोंदवून न घेता दारातून परत पाठवलेली माणसं आहेत. अशा खात्याच्या मेलेल्यांची एवढी पूजा कशाला? माझं उत्तर असं की पूजा करूच नका. पूजेतच गफलत आहे. खातं आपल्या मेलेल्यांना ढालीसारखं पुढे करतं, 'आमची माणसं मरतात आणि तुम्ही कोठडीचं काय घेऊन बसलात' असं म्हणतं, ते पूजेच्या जोरावर. हकीकतीच्या जोरावर तसं म्हणता येत नाही, कारण प्रामाणिक हकीकतीत खात्याच्याही चुका येतात. कोठडीत मेलेल्या माणसाची हकीकत दडपणारी आणि नाक्यावर मेलेल्या हवालदाराची हकीकत दडपणारी सवय एकच आहे. 'चौकशी सुरू आहे' हे वाक्य दोन्ही घरांना सारखंच ऐकू येतं.

आणि जिवंत पोलीस तर बोलूच शकत नाही. त्याला संघटना नाही. होती, पण ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांचा उठाव झाला आणि ती मोडून काढली गेली. कितीतरी शिपाई बडतर्फ झाले. त्यानंतर डबल ड्यूटी, गळकी क्वार्टर्स, फुटका टॉर्च यांबद्दल अंमलदारानं जाहीर बोलायचं म्हणजे नोकरीवर पाणी. नाक्यावर माणसं कमी आहेत हे त्यानं सांगायचं कोणाला? त्याच्या वतीनं विचारायला उरतात दोन जण, त्याची बायको आणि आपण. बायकोला आपण शाल देऊन बसवून ठेवतो.

करायला काय हवं ते फार अवघड नाही. रेल्वेचा मोठा अपघात झाला की चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. आपल्याच चुकीची चौकशी आपणच करू नये एवढं शहाणपण या देशानं रेल्वेच्या बाबतीत कधीच दाखवून ठेवलं आहे. पोलिसांच्या बाबतीत ते दाखवायला हरकत कसली? कर्तव्यावर झालेल्या प्रत्येक मृत्यूची, चकमक असो की नाक्यावरचा ट्रक, खात्याबाहेरच्या माणसानं चौकशी करावी. वर्षभरात चार-पाच पानांची हकीकत लिहावी, मराठीत, सरकारी मराठीत नको. किती जण नेमले होते, हजर किती होते, अंगावर काय होतं, वायरलेसवर काय बोललं गेलं, रुग्णवाहिका किती वाजता आली, आणि या मृत्यूनंतर काय बदललं. गुप्त ठेवण्यासारखं असेल ते काळं करा, बाकीचं छापा. पहिली प्रत घरी पोचती करा, अर्जाविना. अमेरिकेत एफबीआय हल्ल्यांत मारल्या गेलेल्या पोलिसांची अशी वर्णनं वर्षानुवर्षं छापत आली: अंतर किती, हत्यार कोणतं, जॅकेट घातलं होतं का. त्यावरून तिथले प्रशिक्षक पोरांना शिकवतात. आपल्याकडेही प्रशिक्षण केंद्रात ओंबळे शिकवले जात असतील, पण धाडसाचा धडा म्हणून. नाक्यावरच्या माणसाला रायफलसमोर काठी घेऊन का उभं राहावं लागलं, तो धडा निराळा.

आणि २१ ऑक्टोबरला सगळी नावं वाचून झाल्यावर त्यांतल्या एकाची हकीकत पूर्ण वाचावी. पाच मिनिटं लागतील. परेड उन्हात थोडी जास्त उभी राहील.

लाइनीतले आमच्या शेजारचे हवालदार काका रात्रीच्या नाकाबंदीत ट्रकखाली गेले, तेव्हा मी नववीत होतो. पहाटे जीप आली. लाइनीत अवेळी जीप आली की दारं आपोआप उघडतात, ती कोणाच्या दारात थांबते ते पाहायला. आमच्या पुढे जाऊन थांबली. दोन दिवसांनी एक शिपाई कापडी पिशवी घेऊन आला. घड्याळ, पाकीट, पट्टा, शिट्टी दोरीसकट. बरोबर यादी होती आणि काकूंना प्रत्येक ओळीसमोर सही करायची होती. 'शिट्टी, एक नग.' ती ओळ मला अजून दिसते, कारण काकूंना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं आणि यादी मीच वाचून दाखवत होतो.

त्या रात्री नाक्यावर चार जण असायला हवे होते. दोघंच होते. बाकीचे दोघं कोणाच्या तरी बंदोबस्ताला काढून नेले होते, असं लाइनीत बोललं जायचं. खरं काय ते कोणी लिहून ठेवलं असेल तर ते घरापर्यंत कधी आलं नाही. काकूंना दर ऑक्टोबरला निमंत्रण येतं. पहिल्या रांगेत खुर्ची असते, शाल असते, नारळ असतो. चहाच्या वेळी त्या शेजारी बसलेल्या साहेबांना विचारतात, चार माणसं होती ना नेमलेली, मग दोघंच कशी होती? साहेब मान हलवतात, डायरीत काहीतरी लिहून घेतात, बघतो म्हणतात. पुढच्या वर्षी त्या खुर्चीत दुसरे साहेब असतात, आणि काकू पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात करतात.